रुमालाखालचं दुखणं

आमच्या फाटकाशी स्कूटर थांबली आणि उतरणाऱ्या माणसाच्या काखेत एक्स-रेचं मोठं पाकीट दिसलं, की मी आतूनच ओळखते: हा काकाजींकडे आला. कुणी वर्ध्याचा असतो, कुणी भंडाऱ्याचा. परदेशाहून येऊन आम्हाला दोन वर्षं झाली, तरी माणसं येतातच. ओसरीवर बसतात, पाणी पितात आणि हळूच विचारतात, "तिकडे हृदयाच्या शिरेत जाळी बसवून देते म्हणते. खरं हाय का? जावं का?"

काकाजी म्हणतात, "मस्त हाय. जा." आणि संत्र्याचा भाव विचारायला लागतात.

मग मला बाहेर यावं लागतं. मला गोड बोलता येत नाही. कॉलेजात असल्यापासून मी पत्रकं लिहिते: औषधांच्या काळ्या बाजारावर, कोरड्या नळांवर, मार्केटातल्या लुटीवर. पत्रकात मोघम लिहिलं की लोक त्यात शेंगदाणे बांधतात, एवढं मला कळलेलं आहे. म्हणून त्या प्रवासाची हकिगत एकदाची लिहून ठेवते. जाणाऱ्यानं वाचावी. न जाणाऱ्यानंही वाचावी, कारण आमची काकू तिच्यात आहे.

नागपूर

काकाजी म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. संत्रा मार्केटात त्यांची अडत. शेतकऱ्याचा माल येणार, बाहेरगावचा व्यापारी येणार आणि मध्ये काकाजी. हे मार्केट कळमन्याला हलवणार अशी बोलणी चालू आहेत. हललं तरी अडते तेच राहणार आणि हत्ताही तोच राहणार. हत्ता ज्यांनी पाहिला नसेल त्यांना सांगते. अडत्या आणि व्यापारी एकमेकांचा हात धरतात, वर रुमाल टाकतात आणि तोंडातून अवाक्षर न काढता बोटं दाबून भाव ठरवतात. एक बोट दाबलं की एक, पूर्ण पंजा दाबला की पाच, चार बोटं दोनदा दाबली की आठ. ज्याचा माल, तो शेतकरी शेजारी उभा राहून दोघांच्या तोंडाकडे बघत बसतो. आणि तोंडावर तर काहीच नसतं. भिंतीवर असतं तेवढंसुद्धा नसतं.

याच्यावर मी पत्रक काढलं होतं, 'रुमाल उचला, भाव दाखवा.' पहिलं पत्रक काकाजींच्याच गाळ्याच्या खांबाला डकवलं. त्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचलं आणि म्हणाले, "खळ जास्त लावली वं नंदे. अर्ध्या खळीत चिकटलं असतं."

या माणसाला छातीत दुखायला लागलं तेव्हा घरात कुणालाच कळलं नाही. जिना चढताना मध्येच थांबायचे आणि भिंतीवरच्या कॅलेंडरचा फोटो बघितल्यासारखं करायचे. डॉक्टरांना सांगत, "थोडासा गॅस." एक दिवस मार्केटात पेटीवर बसले ते उठलेच नाहीत. मग मुंबई झाली. तिथं मांडीच्या शिरेतून बारीक नळी घालून हृदयाची अरुंद शीर फुग्यानं रुंद करून दिली. काही महिन्यांत ती पुन्हा मिटली. छाती उघडून ऑपरेशन करा म्हणाले, तर काकाजी म्हणाले, "पेटी एकदा फोडली की माल पहिल्यासारखा भरता येत नाही."

तेव्हा मुंबईच्या डॉक्टरांनी जाळीचं सांगितलं. पेनात स्प्रिंग असते तशी, पोलादी तारांची, शिरेच्या आत बसवायची. म्हणजे शीर मिटायला बघेल तर जाळी मिटू देणार नाही. युरोपात दोन-चार ठिकाणी नुकती सुरू झालेली. आपल्याकडे कुठंच नव्हती. त्या डॉक्टरांना मी मानते, कारण त्यांनी आणखी एक गोष्ट न विचारता सांगितली: "हे नवं आहे. जाळीत रक्त गोठून ती अचानक बंद पडू शकते, विशेषतः पहिल्या काही दिवसांत. कुणाची पडेल, हे आज कुणालाच सांगता येत नाही." जाणाऱ्यानं पहिलं हे ध्यानात ठेवावं. जो डॉक्टर 'काही होत नाही' म्हणतो त्याच्या दारातून चपला घालून निघून यावं.

पैसा कसा उभा झाला ते रडगाणं इथं गात नाही. पण मुंबईच्या एका कचेरीत परकीय चलनाच्या परवानगीसाठी बसलो होतो, ती गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. टेबलामागचे साहेब म्हणाले, पेशंटसोबत एकच माणूस. "तुम्ही जा, तुम्हाला इंग्रजी येतं. बाईंचा तिथं काय उपयोग?"

बाई म्हणजे काकू. ती बाकावर पदर सावरून बसली होती आणि हे सगळं तिच्यासमोर चाललं होतं.

मी म्हटलं, "साहेब, ती पेशंटची बायको आहे. जास्तीचं सामान नाही."

तीन फेऱ्या, दोन अर्ज आणि एक भांडण झालं. भांडण इतकं रंगलं की शेजारच्या खोलीतले कारकून दारात येऊन उभे राहिले. परवानगी दोघींची मिळाली. बाहेर आल्यावर काकू म्हणाली, "काहून एवढी बोंबलली वं? मी काय करू तिकडे जाऊन? मले तर इंग्रजीत पाणीबी मागता येत नाही."

आणि घरी आल्याबरोबर तिनं सामान भरायला घेतलं: भिवापुरी मिरचीचं तिखट, जाड पोहे, आणि एका जुन्या उशीच्या खोळीत गच्च भरलेला हरभऱ्याचा वाळलेला पाला.

सरोवराच्या काठी

गावाचं नाव देत नाही. हा मजकूर कुणी इस्पितळाची जाहिरात समजायला नको. स्वित्झर्लंडमधलं, मोठ्या सरोवराकाठचं, उतारावर वसलेलं गाव एवढं पुरे. लोक फ्रेंच बोलतात. सप्टेंबर सरत आला होता. आपल्याकडे ऑक्टोबरची काहिली सुरू होण्याच्या बेतात, आणि तिथं सकाळी सरोवरावर धुक्याची पांढरी साय. पलीकडे डोंगर. डोंगराच्या माथ्यावर बर्फ. काकू गॅलरीत उभी राहून पहिल्या सकाळी म्हणाली, "आपल्या अंबाझरीच्या तलावाले कोणीतरी मीठ लावून ठेवल्यासारखं दिसून राहिलं."

इस्पितळानं आम्हाला आठवडाभर आधी बोलावलं होतं. चाचण्या होईपर्यंत राहायला जवळच एका विधवा बाईच्या घरात दोन खोल्या. घरमालकिणीला आम्ही नुसतं मादाम म्हणायचो. तिला इंग्रजी येत नव्हतं, काकूलाही येत नव्हतं, त्यामुळे त्या दोघींचं पहिल्या दिवसापासून फार जमलं. मी मध्ये पडले की मात्र गोंधळ व्हायचा.

पहिल्याच रविवारी काकूनं काकाजींचं धोतर आणि आपलं लुगडं धुऊन गॅलरीत वाळत घातलं. पाचच मिनिटांत समोरच्या घराची खिडकी उघडली, बंद झाली, आणि मादाम धावत वर आली. तोंडावर बोट, मग चर्चच्या दिशेनं बोट, मग धोतराकडे बोट. रविवारी तिथं कपडे वाळत घालत नाहीत. गालिचा झटकत नाहीत, खिळा ठोकत नाहीत. शेजारी तक्रार करतात.

काकू म्हणाली, "देव रविवारी धोतर पाहून रागावते काय वं? मग आपला तर पार येडा होऊन जाईन."

मादामनं ते लुगडं तळघरात नेलं. तिथली तार आखूड पडली. लुगड्याचं एक टोक मादामच्या हातात, दुसरं काकूच्या, आणि ते संपेचना. मादाम मागं सरकत सरकत जिन्यापर्यंत गेली. दोघी हसायला लागल्या. इंग्लिश-फ्रेंच डिक्शनरी हातात घेऊन मी पायरीवर उभी, माझं तिथं काहीच काम नव्हतं. ते तळघर, ओल्या कापडाचा आणि साठवलेल्या सफरचंदांचा वास, दोन टोकांना दोन म्हाताऱ्या. आज डोळे मिटले की त्या देशातलं मला सगळ्यात आधी हेच दिसतं.

काकाजींना चालायला परवानगी होती, पण सपाटीवर आणि सावकाश. चौकात भाजीचा बाजार भरतो हे त्यांना कुणी न सांगता कळलं. बाजार तो कसला, देव्हारा मांडला होता. टोमॅटो पुसून ठेवलेले, द्राक्षांवर पानं, आणि प्रत्येक ढिगावर भावाची पाटी. काकाजी पाटी वाचून दुकानदाराकडे बघत उभे राहिले. दुकानदार हसला. काकाजी थांबले. दुकानदार पुन्हा हसला.

"हा बोलत काहून नाही?" काकाजींनी मला विचारलं.

"भाव लिहिलाय काकाजी. तोच शेवटचा."

"पहिलाच शेवटचा?" त्यांनी पाटी हातात घेऊन उलटी करून पाहिली, मागं काही आहे का म्हणून. "मग दिवसभर करते काय हे लोक?"

स्पेनचं एक संत्रं घेतलं. नखानं साल सोडवली. साल गराला धरून बसलेली. एक फोड तोंडात टाकून म्हणाले, "दिसाले नवरी, खायाले कागद." राहिलेलं संत्रं मात्र रुमालात बांधून ठेवलं. फळ टाकायची त्यांना सवय नव्हती.

मी संधी साधून म्हटलं, "पाहा, इथं उघडा भाव. रुमाल नाही, काही नाही. माझ्या पत्रकात दुसरं काय होतं?"

"पोरी," ते म्हणाले, "पहिला आकडा खरा सांगणारा माणूस आपल्या मार्केटात एक मोसम टिकत नाही. तुह्या पत्रकानं तो टिकन काय?"

त्या दिवशी ते दमून झोपले आणि काकू आणि मी पाण्याकाठच्या बाकावर बसलो. हंस येऊन पोह्यांची वाट बघत होते. मी हत्त्याला शिव्या देत होते, तर काकू हसायला लागली.

"मले येते हत्ता."

"तुला? बायकांना कोण शिकवतं?"

"यायनंच शिकवला. नवी नवी होती मी. सासूबाईसमोर नवऱ्याशी बोलाची सोय नव्हती. हे बगीचे पाहाले काटोलकडे जात. निघताना तोंडानं सासूबाईले सांगत, दोन दिवसांत येतो. आन् मी पाण्याचा लोटा देताना पदराखाली माह्या हातात पाच बोटं दाबत. पाचव्या दिवशीच येत, बरं का." ती जरा थांबली. "तोंडाचा आकडा दुनियेसाठी. हाताचा माह्यासाठी. आजपावेतो हाताचा खोटा निघाला नाही. आण, तुहा हात आण."

पदर टाकून तिनं मला एक ते दहा शिकवले. दोनदा चुकले, तर तिनं चिमटा काढला.

इस्पितळात

इस्पितळाबद्दल तक्रार करायला मला फार थोडी जागा आहे, आणि हे लिहिताना जीभ कडू होते. स्वच्छ, शांत. कोणी कुणावर खेकसत नाही. पेशंटला काय करणार ते आधी चित्र काढून सांगतात. चित्र! आपल्याकडे पेशंटच्या नातेवाइकानं प्रश्न विचारला की 'तुम्ही डॉक्टर आहात का?' हे उत्तर असतं. मोठे डॉक्टर इंग्रजी बोलायचे, तेही अडखळत. त्यामुळे आम्ही बरोबरीत होतो. मोनिक नावाची सिस्टर होती, लाल गालांची, शेतकऱ्याची मुलगी. तिला थोडं इंग्रजी यायचं.

एक पद्धत तिथं मी नवी पाहिली. सकाळ-संध्याकाळ डॉक्टर विचारायचे, "दुखणं किती? शून्य म्हणजे काही नाही. दहा म्हणजे जन्मात झालं नाही एवढं."

मी मराठीत सांगायची. काकाजी छताकडे बघून म्हणायचे, "दोन."

मी म्हणायची, "टू." डॉक्टर लिहून घ्यायचे. रोज दोन. जिना चढवून पाहिला, घाम फुटला, तरी दोन.

जाळी बसवताना पेशंट जागाच असतो, हे जाणाऱ्याला माहीत असावं. मांडीपुरती भूल. समोरच्या पडद्यावर स्वतःचं हृदय दिसतं. काकाजी नंतर म्हणाले, "आपलंच काळीज टीव्हीवर. जाहिराती तेवढ्या नव्हत्या." सगळं व्यवस्थित झालं. शीर उघडली, जाळी बसली, मोठे डॉक्टर बाहेर येऊन काकूशी हस्तांदोलन करून गेले. तिनं दोन्ही हातांनी त्यांचा हात धरून ठेवला, ते बिचारे अवघडून उभे.

मग पाय हलवायचा नाही, मांडीवर वाळूची पिशवी, हातात सलाईन आणि रक्त गोठू नये म्हणून औषध. जेवणाचं सांगायचं तर पांढरं सूप, पांढरा बटाटा, पांढरा पाव. काकाजी म्हणाले, "आजाऱ्याले देते की सुतकवाल्याले?" काकूनं मोनिकचा डोळा चुकवून सुपात चिमूटभर तिखट टाकलं. मोनिकचा डोळा चुकला नव्हता. तिनं बोट बुडवून चाखलं, खोकली, आणि काही न बोलता निघून गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टर फेरीला आले. उन्हं सरोवरावरून परतून छतावर नाचत होती. काकू पलंगाशी बसलेली, तिचा हात नेहमीसारखा त्यांच्या पांघरुणात. काकाजी खिडकीबाहेर बघत होते. कपाळ ओलं होतं. मला वाटलं खोली गरम आहे.

"दुखणं किती?"

"दोन," काकाजी म्हणाले.

"टू," मी म्हटलं. डॉक्टरांनी लिहिलं आणि ते पुढच्या पलंगाकडे वळले.

काकू एकदम उभी राहिली. तिची खुर्ची मागं आपटली.

"खोटं! नंदे, सांग त्याले! आठ म्हणून राहिले हे. आठ!"

मी तोंड उघडायच्या आत ती डॉक्टरांसमोर जाऊन उभी राहिली, चार बोटं उभारली, मिटली, पुन्हा चार उभारली. डॉक्टर तिच्या हाताकडे बघत राहिले.

"एट," मी म्हटलं. "ही म्हणते ते खरं. एट."

डॉक्टरांनी काकाजींच्या तोंडाकडे पाहिलं. तिथं काहीच नव्हतं. मला ते तोंड पाठ होतं. मी त्याच्यावर पत्रक लिहिलं होतं. पण काकूनं हात पुढं धरला तेव्हा दिसलं, त्यांच्या बोटांची नखं काकूच्या तळहातात रुतून लाल खुणा उठल्या होत्या.

मग छातीला वायरी लावल्या. कागद सरकायला लागला. त्यावरची रेघ डॉक्टरांनी पाहिली. पलंगाचे ब्रेक सुटले आणि तो धावायलाच लागला. आम्ही मागं. जाळी बसवायच्या खोलीच्या दाराशी आम्हाला अडवलं.

काकूनं मोनिकचा हात पकडला. आपला पदर त्या हातावर टाकला आणि दाबलं: एक. मग पंजा. मग चार आणि चार. मोनिक पहिल्यांदा भांबावली, मग तिनं मान हलवली. तिनं उलट काकूचा हात दाबून दाखवला: एक, पाच, आठ. काकू पलंगावर वाकून म्हणाली, "ऐकून राहिले ना? तोंडानं काय बोलाचं ते बोला. ह्या पोरीच्या हातात खरं सांगजा. माहा हात समजून."

दार लागलं.

काकू बाहेरच्या बाकावर बसली. हात मांडीवर उताणा. त्या खुणांकडे बघत मध्येच म्हणाली, "तिचे हात गार आहेत. त्याईले आवडाचे नाही." एवढंच. तळघरातलं ते न संपणारं लुगडं कुठून कोण जाणे माझ्या डोळ्यासमोर येत होतं.

शेवटी मोनिक बाहेर आली. तोंडावरचा मास्क खाली ओढून ती काकूसमोर उकिडवी बसली. तिनं काकूचा हात घेतला. चार आणि चार. मग पंजा. मग दोन बोटं. मग तिनं आपला हात पूर्ण मोकळा सोडला, काहीच न दाबता.

काकू तेव्हा रडली.

जाळीत रक्ताची गुठळी अडकली होती. औषधानं विरघळवली, पुन्हा फुगा घातला, शीर मोकळी झाली. संध्याकाळी डॉक्टर मला म्हणाले, "मी पुढच्या पेशंटकडे गेलो असतो, तर..." आणि वाक्य तिथंच सोडलं.

मी म्हटलं, "डॉक्टर, तुम्ही सगळ्यांना आकडाच विचारता?"

"हो. सगळ्यांना सारखं."

"सगळे सारखे नसतात. काही माणसं आकडा लपवून पोट भरतात."

ते चिडले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी काकूसाठी पलंगाजवळ हातांची खुर्ची ठेवायला सांगितली.

काकाजी सावध झाल्यावर मी मात्र त्यांच्यावर तुटून पडले. "काहून खोटं बोलले काकाजी? जीव जात होता!"

"खोटं कुठं वं? पहिला आकडा होता तो." ते अगदी मनापासून बोलत होते. "मी म्हटलं दोन. डॉक्टरनं म्हणायले पाहिजे होतं, दोन नाही, नऊ. मग मी म्हटलं असतं चार. सरकत सरकत आलो असतो ना जागेवर. यानं तर पहिल्याच आकड्यावर सौदा बंद केला!"

काकू म्हणाली, "मेले असते त्या सौद्यात."

"म्हणून तर तुले आणलं," काकाजी म्हणाले.

जाणाऱ्यांनो, कचेरीतला साहेब काय सांगतो ते ऐकू नका. इंग्रजी येणारं माणूस इस्पितळात भाड्यानं मिळतं. तुमचा खरा आकडा ज्याला कळतो ते माणूस घरूनच न्यावं लागतं.

परत

पुढं तिथंच बरेच दिवस काढावे लागले. रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या सुरू झाल्या आणि दर एक-दोन दिवसांनी रक्त तपासून त्यांचं प्रमाण ठरायचं. ते काही केल्या जमेना. आज एक, उद्या भलतंच. मोनिकनं काकूचा डबा उघडला आणि छडा लागला: हरभऱ्याचा पाला! काकू मादामच्या स्वयंपाकघरात रोज तो शिजवून आणत होती. हिरव्या पाल्यात असं काही असतं की त्या गोळ्यांचा जोर उतरतो. एरवी थोडा, ठरल्या मापानं चालतो. ताटभर चालत नाही. काकूनं उरलेली खोळ मादामला देऊन टाकली. निघायच्या दिवशी मादामनं आम्हाला जेवायला बोलावलं, तर टेबलावर लोणी-साय घातलेलं पाल्याचं सूप. काकूनं दोनदा मागून घेतलं. जिना उतरताना म्हणाली, "बिघडवलं पार. पण मन चांगलं आहे बाईचं."

दारात दोघींनी एकमेकींचे हात धरले. मध्ये रुमाल नव्हता. काय दाबलं, माहीत नाही.

परतल्यावरची गोष्ट कुणी सांगत नाही, म्हणून सांगते. जाळी तिथं बसते, पण तिच्यासोबत जगायचं इथं असतं. ती रक्ताची तपासणी नागपुरात नीट कोण करून देईल, हे शोधायला मला इतवारीपासून धंतोलीपर्यंत पायपीट करावी लागली. हे निघायच्या आधी शोधा. गोळ्या कुठं मिळतील, दात काढायचा झाला तर कुणाला विचारायचं, दाढी करताना कापलं आणि रक्त थांबेना तर कुठं जायचं, सगळं आधी. आणि हे सगळं शोधायला माणसाला सरोवरापर्यंत का जावं लागतं, हा प्रश्न जिथं विचारायचा तिथं मी विचारते आहे. त्याचं पत्रक वेगळं आहे.

काकाजी त्या मोसमात मार्केटात जाऊन बसले. रुमाल खांद्यावर. हत्त्याबद्दल माझं मत बदललेलं नाही; बाजारात ती लूटच आहे. पुढचं पत्रक मी त्याच खांबाला डकवलं. खळ कमी लावली.

मागच्या उन्हाळ्यात काकू गेली. कावीळ झाली आणि पंधरवडा काढला नाही. मादामला कळवलं, तर तिच्याकडून एक पार्सल आलं: ती उशीची खोळ, धुऊन, इस्त्री करून. आत सरोवराकाठच्या बागेतली वाळवलेली पानं. कसली, मला ओळखता आली नाहीत. मोरावळ्याच्या बरणीशेजारी ठेवली आहेत.

त्यानंतर काकाजी तपासणीला जायचं टाळायला लागले. पंधरा दिवसांपूर्वी मी त्यांना जवळजवळ ओढतच धंतोलीला नेलं. डॉक्टर तरुण, हसतमुख. त्यांनी विचारलं, "काय शेठ, दुखतं का छातीत?"

"थोडंसं," काकाजी म्हणाले. "दोन समजा."

डॉक्टरांनी पेन उचललं. काकाजी खिडकीबाहेर बघत होते. ते तोंड मी ओळखलं. त्यांचा हात मांडीवर एकटाच पडला होता. काकू गेल्यापासून तो तसाच असतो.

मी खुर्ची सरकवली, ओढणी काढून त्या हातावर टाकली आणि आत माझा हात घातला.

बराच वेळ काही झालं नाही. डॉक्टर लिहायचे थांबले. माझा हात काकाजींना परका लागत असणार. मग बोटं जुळली. पूर्ण पंजा. हळूच, पण पूर्ण.

"पाच," मी म्हटलं. "डॉक्टर, दोन नाही. पाच."

डॉक्टरांनी आमच्या दोघांकडे पाहिलं, पेन ठेवलं आणि मशीन जवळ ओढलं. पुढचं सांगून टाकते, म्हणजे कुणाला घोर नको: चार दिवस दवाखान्यात ठेवलं, औषधं बदलली, आता घरी आहेत आणि ओसरीवर बसून येणाऱ्या माणसांना 'मस्त हाय, जा' सांगताहेत.

पण त्या दिवशी छातीला वायरी लागत असताना काकाजी माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी तर हळूच दाबलं होतं. तुले कसं समजलं?"

"काकूनं शिकवलं. सरोवराच्या काठी."

मग म्हणाले, "माहा भाव फोडला तिनं." आणि ओढणीखालचा हात त्यांनी तसाच राहू दिला.